पेरलेला माणूस

आमच्या विभागात मी आकडे भरणारी बाई. संशोधन मॅडम करतात, नाव मॅडमचं होतं, आणि कुठे घोळ झाला की तो माझा. बावीस वर्षं हेच चाललंय. जीभ तिखट व्हायला एवढं पुरे.

मानसशास्त्र विभाग म्हटलं की लोकांना वाटतं, इथे मनातलं ओळखतात. माझी नणंद अजूनही माझ्यासमोर तोलूनमापून बोलते. अगं बाई, मला तुझ्या मनातलं कळत असतं तर तुझ्याकडे जेवायला तरी आले असते का? इथे एवढंच करतात. माणसाला खोलीत बसवायचं, त्याच्याकडून काहीतरी करून घ्यायचं, मग विचारायचं, एक ते सातमध्ये किती? तो म्हणतो चार. ते चार मी भरते. साठ माणसांचे आकडे भरून झाले की मॅडम दोन गटांच्या सरासऱ्या काढतात आणि बघतात, दोन्हींतला फरक खरा आहे की नुसत्या योगायोगाने आलाय. योगायोगाची शक्यता शंभरात पाचाच्या खाली आली तर मॅडम दिवसभर गुणगुणत असतात. वर गेली तर आठवडाभर कुणाची खैर नाही.

ह्या सगळ्यात एक गृहस्थ होते. मी त्यांना पाहुणे म्हणायची.

त्यांचं काम काय, ते सांगते. काही प्रयोगांत दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसवावी लागतात. त्यातला एक खरा, बाहेरून बोलावलेला. दुसरा आमचाच, पण पहिल्याला ते कळू द्यायचं नाही. तो बाहेरच्यासारखाच येतो, बाकावर बसतो, नंबरची चिठ्ठी घेतो आणि आत जाऊन आधी लिहून दिलेलं बोलतो. सगळ्यांशी तेच, त्याच आवाजात, म्हणजे साठ जणांची तुलना करता येते. ह्याला पेरलेला माणूस म्हणतात. पाहुणे चौदा वर्षं हेच करत होते.

आता तुम्ही म्हणाल, बसून बोलायचं काम, मजा आहे. कसली मजा! पेरलेल्या माणसाचं तोंड कुणाच्या ओळखीचं असून चालत नाही. विद्यार्थ्यांनी पाहिलं की काम खलास. म्हणून पाहुण्यांनी कँटीनमध्ये जायचं नाही, पुढच्या दाराने यायचं नाही, आमच्या कुठल्याही फोटोत उभं राहायचं नाही. मागच्या जिन्याने येऊन माझ्या टेबलामागच्या स्टोअरमध्ये बसायचं. जुने फॉर्म, मोडक्या खुर्च्या आणि मध्ये पाहुणे. मी दार किलकिलं करून चहा आत सरकवायची. एकदा बाजारात प्रयोगाला येऊन गेलेल्या एका बाईंनी त्यांना ओळखलं, "अहो, तुम्हीच ना ते?" म्हणत पुढे आल्या, तर हे भाजीची पिशवी तिथेच टाकून निघाले. त्या बाईंना नंतर पत्राने कळणारच होतं की समोरचा माणूस आमचा होता. तसं कळलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय?

पन्नाशीचे, लग्न न झालेले. आई होती, ती चार वर्षांपूर्वी गेली. थोरला भाऊ दूरच्या गावी, वहिनी फोनवर "या की कधी" म्हणते आणि तारीख विचारली की विषय बदलते. शर्टाला इस्त्री रोज कडक. आवाज असा बेताचा की समोरच्याला आठवणारच नाही. मॅडम म्हणायच्या, असा माणूस शोधून सापडणार नाही. त्या हे कौतुकाने म्हणायच्या.

ह्या वर्षीचा प्रयोग असा होता. दोन अनोळखी माणसांनी वीस प्रश्न एकमेकांना आळीपाळीने विचारायचे. पाहुण्यांकडे उत्तरांचे दोन कागद. एक मोकळा, एक कोरडा. मोकळ्यात भरभरून सांगितलेलं, कोरड्यात "ठीक आहे", "काही विशेष नाही" असलं. शेवटी खऱ्या माणसाने लिहायचं, समोरच्याशी किती जवळीक वाटली, एक ते सात. मोकळं बोलल्याने जवळीक वाढते का, एवढंच मॅडमना बघायचं होतं. मला विचारलं असतं तर मी फुकटात सांगितलं असतं, पण आम्हाला कोण विचारतो?

कुणाला कुठला कागद, ते नाणं उडवून ठरायचं. नाणं मी उडवायची. मॅडमनी आपल्या मनाने ठरवलं असतं तर हसऱ्या चेहऱ्याच्या माणसांना नकळत मोकळा कागद गेला असता. म्हणून त्यांना शेवटपर्यंत काही सांगायचं नाही, असा त्यांचाच नियम होता.

अडतीस नंबरला छाप पडली. कोरडा कागद. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण पॅसेजला रंग चालला होता आणि सगळी बाकं एकाच भिंतीला लावून ठेवली होती. आमची खोली तीन नंबरची, समोरची चार नंबरची आमच्याच विभागातल्या दुसऱ्या मॅडमची, त्यांना आम्ही समोरच्या मॅडम म्हणतो. त्या मॅडमचाही काहीतरी असलाच प्रयोग चालू होता. दोघींचा छत्तीसचा आकडा, कशावरून, तर प्रिंटरवरून. एकमेकींच्या बाकावर बसलेल्या माणसांकडेही बघायच्या नाहीत. तर त्या रंगाच्या वासात मी चिठ्ठ्या वाटल्या, माणसं आत धाडली आणि डोकं धरून बसले.

दोन दिवसांनी आकडे भरताना बघते तर अडतीस नंबरला सात! कोरड्या गटात एक, दोन, फार तर तीन. आणि इथे सात. मी फॉर्म उलटासुलटा करून बघितला. साताभोवती पेनाने दोनदा गोल केला होता.

मला राहवलं नाही. खरं तर पाहुण्यांना आकडे सांगायचे नसतात. पण मी चहा सरकवताना म्हटलं, "काय पाहुणे, कोरड्या कागदावर सात? काय जादू केलीत?"

त्यांनी कप घेतला आणि खाली बघितलं. "सात?" म्हणाले. मला वाटलं, लाजले.

तीन आठवड्यांनी साठ पूर्ण झाले. मॅडमनी हिशेब लावला आणि शक्यता निघाली शंभरात सहा. सहा! एका टक्क्यासाठी सगळं मुसळ केरात. मॅडम स्क्रीनकडे बघत बसल्या. अडतीस नंबर काढला तर गाडी रुळावर येते, हे त्यांनाही दिसत होतं, मलाही. मी म्हटलंसुद्धा, "काढून टाका ना, एक तर आहे."

"कारण असल्याशिवाय नाही काढता येत," त्या म्हणाल्या. "नको असलेला आकडा म्हणून काढला तर ते संशोधन नाही, लबाडी आहे." मॅडम खाष्ट आहेत, पण ह्या बाबतीत सरळ. मग मला म्हणाल्या, साठ जणांची पत्रं टाइप कर, शुक्रवारी टाकायची.

हे पत्र प्रत्येक प्रयोगानंतर जातं. माणसाला अंधारात ठेवलं होतं, तर शेवटी खरं सांगायला हवं. मजकूर ठरलेला. 'आपल्यासमोर बसलेली व्यक्ती आमच्या विभागातर्फे नेमलेली होती. तिची सर्व उत्तरे आधी लिहून दिलेली होती. आपल्याला त्रास झाला असल्यास क्षमस्व.' पाकिटांवर नुसते नंबर, नाव-पत्ते शेवटी मॅडम घालणार. मी गठ्ठा स्टोअरमध्ये पाकिटं भरायला ठेवला आणि पाहुणे मदतीला बसले. पाच-सहा पाकिटं झाली असतील, तर आवाज आला, "बाई, हे 'सर्व' काढता येईल का?"

"कुठलं सर्व?"

"सर्व उत्तरे, असं लिहिलंय. सर्व नव्हती."

मी स्टोअरमध्ये जाऊन दार लावून घेतलं. पेरलेला माणूस कागदाबाहेर गेला, म्हणजे स्वयंपाक्याने परक्याच्या घरी आपल्या मनाचं मीठ घातल्यासारखं. आणि हे गृहस्थ तर चौदा वर्षांत एका शब्दाने इकडेतिकडे गेले नव्हते.

"अडतीस?" मी विचारलं.

मान हलली. मग त्यांनी सांगितलं. आत एक बाई होती, त्यांच्याच वयाची, निळा स्वेटर, सारखी बाही ओढत होती. नवरा आहे, दोन मुलं आहेत, सासूबाई आहेत, भरलं घर आहे, असं सगळं तिने भराभर सांगितलं. हे आपले "हो", "ठीक", "विशेष नाही" म्हणत गेले. अकरावा प्रश्न आला. घरी एकटे असताना तुम्ही असं काय करता, जे कुणाला सांगितलेलं नाही?

"त्यांनी बाही पार बोटांपर्यंत ओढली," पाहुणे म्हणाले. "मग म्हणाल्या, मी राँग नंबरवाल्यांशी बोलते. फोन येतो, समोरचा म्हणतो अमुक दुकान का? त्या म्हणतात, हो, बोला. एकाला पाण्याचे पाइप हवे होते. ह्यांनी दहा मिनिटं पाइप विकले. पाऊण इंची संपलाय, एक इंची चालेल का, घरी कोण कोण आहे, नळ किती आहेत. शेवटी तो म्हणाला, बरं ताई, संध्याकाळी येतो दुकानात. त्यांना म्हणे आठवडाभर वाटत होतं, तो बिचारा कुठे गेला असेल."

मला हसू आलं आणि लगेच गेलं.

"मग माझी पाळी. कागदावर होतं, काही विशेष नाही. पण मला ते म्हणता येईना, बाई. समोर एवढं सांगून एक माणूस बसलंय. मी म्हटलं, मी घरी पोचलो की आधी बेल वाजवतो. किल्ली खिशात असते. आत कुणी नाही, माहीत असतं. तरी वाजवतो, थोडा थांबतो, मग कुलूप उघडतो."

"काय म्हणाली ती?"

"त्यांनी विचारलं, किती वेळा वाजवता? मी म्हटलं, एकदाच. जास्त वाजवली तर आई चिडायची."

मी समोरचं बंद केलेलं पाकीट घेऊन उगाचच पुन्हा चिकटवत बसले.

"बाराव्या प्रश्नापासून मी परत कागदावर आलो," ते म्हणाले. "पण त्यांनी सात दिले. आणि आता हे पत्र जाणार. त्या वाचतील आणि त्यांना वाटेल, बेलसुद्धा कागदावरचीच. त्यांनी आपलं खरं एका छापील माणसाला सांगितलं, असं वाटेल. मला एवढंच हवंय, त्यांच्या पत्रात एक ओळ जास्त टाका. अकराव्या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाचं स्वतःचं होतं. बस."

"त्यासाठी मॅडमना सांगावं लागेल."

"हो."

"काम जाईल."

"जाईल. तीन आठवडे त्याच भीतीने मूग गिळून बसलो." त्यांनी हातातलं पाकीट सरळ केलं. "हजारएक माणसांशी बोललो असेन मी, बाई. त्यात माझं असं एकच वाक्य आहे. ते तरी खोटं ठरायला नको."

मी त्यांना घेऊन मॅडमकडे गेले. पुढच्या पॅसेजमधून, सगळ्यांच्या देखत. म्हटलं, आता काय लपवायचंय?

मॅडमनी ऐकून घेतलं आणि भडकल्या. विश्वास, शिस्त, सहा महिन्यांची मेहनत, सगळा पाढा वाचला. पाहुणे हात पुढे बांधून उभे. आणि बोलता बोलताच मॅडमच्या लक्षात आलं की आता अडतीस नंबर काढायला कारण मिळालं. ठरलेलं बोलणं झालं नाही, म्हणून ती जोडी बाद. एकोणसाठ उरले. त्यांनी उभ्याउभ्याच आकडा काढून बघितला. शंभरात चार. राग चेहऱ्यावर तसाच ठेवून बाईसाहेब आतून खूश झालेल्या मला स्पष्ट दिसत होत्या. माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, त्या ओळीचं काय?" मी विचारलं.

"पत्राचा मजकूर समितीने मंजूर केलेला असतो. एकाला वेगळं, दुसऱ्याला वेगळं, असं नाही करता येत." मग पाहुण्यांकडे बघून जरा नरमल्या. "बघते. नाव तरी काढू दे."

नावांची यादी वेगळ्या कपाटात असते. माझ्याकडे फक्त नंबर, नाव कुणाचं ते मलाही माहीत नसतं. मॅडमनी कपाट उघडलं, बोट फिरवलं आणि थांबल्या.

"अडतीस नंबर बाई नाहीत. निवृत्त पोस्टमन आहेत."

मी कपाळावर हात मारला. रंग. बाकं. एका भिंतीला लावलेली चार माणसं, दोन आमची, दोन समोरची, आणि मी चिठ्ठ्या वाटल्या अंदाजाने. मॅडमनी माझ्याकडे अशी नजर टाकली की बावीस वर्षांत कधी टाकली नव्हती, आणि प्रिंटरबिंटर विसरून तडक समोरच्या खोलीत शिरल्या. आम्ही दोघं मागोमाग.

समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, कधीतरी येशील."

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आमचे पोस्टमन त्यांच्या खोलीत गेले होते, त्यांच्या एका खऱ्या माणसासमोर. पेरलेलं कुणीच नाही, तर ते दोघे दीड तास गप्पा मारत बसले आणि हातात हात घालून चहाला गेले. आणि आमच्या खोलीत, पाहुण्यांच्या समोर, निळा स्वेटर घालून बसल्या होत्या समोरच्या मॅडमनी नवीन नेमलेल्या बाई. पेरलेल्या. पहिलाच दिवस. नवरा, दोन मुलं, सासूबाई, भरलं घर, हे सगळं त्यांना पाठ करून दिलेलं. आपलं पेरलेलं माणूस भलत्या खोलीत गेल्याचं उघडं पडेल म्हणून, आणि आमच्या मॅडमशी बोलावं लागेल म्हणून, ह्या तीन आठवडे गप्प राहिल्या होत्या.

पाहुण्यांच्या तोंडाचा रंगच गेला. "म्हणजे ते राँग नंबर..."

"ते नव्हतं आमच्या कागदावर," समोरच्या मॅडम म्हणाल्या. "त्या प्रश्नाला काही पाठच करून दिलेलं नव्हतं. घरात एकट्याच राहतात त्या. त्याच दुपारी माझ्याकडे आल्या, रडवेल्या झालेल्या. म्हणाल्या, मी चुकले, मी एका परक्या माणसाला खरं सांगून बसले. आणि म्हणाल्या, रिकाम्या घराची बेल वाजवणाऱ्या त्या माणसाचा पत्ता द्या, त्याच्याकडे कुणीतरी जायला हवं, मी जाते."



"मग?" हे मी विचारलं.

"मग मी सांगितलं, अहो, तो समोरच्या खोलीतला पेरलेला माणूस. कागदावरचं बोलतो, बेलचंही तसंच काही असेल. मला तरी काय माहीत, हे मनाचं बोलले म्हणून? तर त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. हसल्या. म्हणाल्या, तरीच! मला वाटलं, असं खरंच कुणी राहतं की काय. आता रात्री झोप लागेल. आणि म्हणाल्या, हे काम मला जमायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत."

आमच्या मॅडमचा सगळा राग उतरला होता. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "त्या यादीतल्या नाहीतच, म्हणजे समितीचाही प्रश्न नाही. पत्ता देता येणार नाही, पण निरोप पोचवता येईल. ती ओळ आजच कळवू. चालेल ना?" समोरच्या मॅडमनी मुकाट्याने फोन पुढे ओढला.

म्हणजे जे मागायला आले होते, ते मिळत होतं. मी पाहुण्यांकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत होते.

"नको," ते म्हणाले.

"अहो, नको काय!" मी ओरडलेच. "वेडे आहात का? ती यायला निघाली होती तुमच्याकडे! तीही एकटी, तुम्हीही एकटे, आणि तुम्ही नको म्हणता? तीन आठवडे जीव टांगणीला लावलात, काम घालवलंत, आणि आता नको?"

दोन्ही मॅडमच्या देखत माझ्या डोळ्यांना धार लागली होती, रागाने आणि कशाकशाने. मला लाजसुद्धा वाटली नाही.

"त्यांना झोप लागतेय, बाई," पाहुणे म्हणाले. "असं कुणी नाही, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. चौदा वर्षांत माझ्यामुळे कुणाला एवढं बरं वाटलं नव्हतं."

मग त्यांनी मॅडमना विचारलं, काम सोडल्याचा कागद कुठे आहे, आणि सहीसाठी पेन मागितलं. पेन मीच दिलं.